साधनसंपत्ती समाजाची, अन्वयार्थ न्यायालयाचा
(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

न्यायालयाचे निकाल वाचणे हे वकिलांचे काम आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ झालेला आहे. निकाल लागला की वृत्तपत्रांत दोन दिवस मथळे झळकतात, कोण जिंकले आणि कोण हरले एवढे आपल्याला कळते आणि तिसऱ्या दिवशी विषय मागे पडतो. निकालामागची कारणमीमांसा मात्र शेकडो पानांत तशीच पडून राहते. वास्तविक पुढील वीस-तीस वर्षे सरकारला काय करता येईल आणि काय करता येणार नाही, हे त्या कारणमीमांसेनेच ठरत असते. म्हणून ज्यांना समाजपरिवर्तनाची आस आहे त्यांनी निकाल मुळातून वाचले पाहिजेत आणि त्यांवर विधिज्ञ काय लिहितात तेही पाहिले पाहिजे.

आज मी ज्या निकालाविषयी बोलणार आहे तो ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिला. खटल्याचे नाव ‘प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. प्रश्न वरकरणी एका शब्दप्रयोगाचा होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ख) मध्ये राज्याला असे मार्गदर्शन केले आहे की, समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण यांचे वाटप सर्वांच्या हिताला अधिकात अधिक पोषक होईल अशा रीतीने व्हावे. यातील ‘समाजाची साधनसंपत्ती’ म्हणजे नेमके काय? तीत केवळ सरकारच्या मालकीच्या वस्तू येतात, की खासगी मालकीच्या वस्तूंचाही समावेश होतो? या प्रश्नाच्या उत्तरावर जमीन, घरे, खाणी, कारखाने यांविषयीच्या कितीतरी कायद्यांचे भवितव्य अवलंबून आहे.

या प्रश्नाचा जन्म दिल्लीत झालेला नाही. तो गिरगाव, भायखळा, डोंगरी, परळ येथील चाळींत झाला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धकाळात आणि फाळणीनंतर घरांची जी टंचाई निर्माण झाली होती, तीत हे संरक्षण आवश्यकच होते. परंतु ते वर्षानुवर्षे तसेच राहिल्यामुळे घरमालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले, भाडेकरूंना घर सोडता येईना आणि इमारती मात्र खचत राहिल्या. १९६९ साली राज्याने कायदा करून दुरुस्तीसाठी उपकर लावला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. पुढे १९७६ मध्ये म्हाडाचा कायदा झाला आणि १९८६ मध्ये त्याला ‘प्रकरण आठ-अ’ जोडण्यात आले. एखाद्या इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर ती इमारत व तिच्याखालील जमीन सरकारने संपादन करून त्या संस्थेकडे सोपवावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला द्यावा, अशी ही योजना होती. हा कायदा अनुच्छेद ३९ (ख) मधील तत्त्व अमलात आणण्यासाठी आहे, असे त्यात स्पष्टपणे नमूद करण्यात आले.

घरमालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९१ मध्ये कायदा वैध ठरविला. १९९२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. तेथे ते तीन न्यायमूर्तींकडून पाचांकडे, पाचांकडून सातांकडे आणि २००२ मध्ये नऊ न्यायमूर्तींकडे सोपविले गेले. त्यानंतर बावीस वर्षे त्याची सुनावणीच झाली नाही. या काळात चाळींतील एक पिढी संपली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. न्यायालयीन विलंबाचा हिशेब मांडताना या पडझडीचाही हिशेब मांडावा लागतो.

आता घटनेच्या इतिहासाकडे वळू. १९७१ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१ग अस्तित्वात आला. त्याचा आशय असा की, ३९ (ख) आणि (ग) मधील तत्त्वांच्या अंमलबजावणीसाठी केलेला कायदा समानतेच्या किंवा अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्यांच्या हक्कांशी विसंगत आहे एवढ्याच कारणावरून रद्द ठरणार नाही. ३९ (ग) संपत्ती व उत्पादनसाधने यांच्या घातक केंद्रीकरणाविरुद्ध आहे. केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली न्यायालयाने ३१ग चा हा गाभा मान्य केला. मात्र कायद्यात तशी घोषणा केली की न्यायालयाने काही विचारायचे नाही, हा त्याचा दुसरा भाग रद्द केला. आणीबाणीत बेचाळिसाव्या दुरुस्तीने या कवचाची व्याप्ती सर्व मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत वाढविली. मिनर्व्हा मिल्स खटल्यात १९८० साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालील पीठाने ती वाढ घटनाबाह्य ठरविली. मग प्रश्न असा निघाला की, वाढ रद्द झाल्यावर मूळ कवच शिल्लक राहिले की तेही गेले? घरमालकांचा युक्तिवाद ते गेले असा होता. नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, केशवानंद खटल्यात मान्य झालेला मूळ ३१ग आजही जिवंत आहे. निकालाच्या या भागाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. ही ढाल मोडली असती तर पुढचा सारा वाद निरर्थक ठरला असता.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र पीठ दुभंगले. त्याचे मूळ १९७७ च्या रंगनाथ रेड्डी खटल्यात आहे. कर्नाटक सरकारने खासगी कंत्राटी बसगाड्या ताब्यात घेण्याचा कायदा केला होता. सातही न्यायमूर्तींनी तो वैध ठरविला. परंतु न्या. कृष्ण अय्यर यांनी आपल्यासह तिघांच्या वतीने स्वतंत्र मत लिहिले. भौतिक गरजा भागविणारी कोणतीही मूल्यवान वस्तू ही साधनसंपत्ती होय आणि व्यक्ती ही समाजाचाच घटक असल्यामुळे तिची साधनसंपत्तीही समाजाच्या साधनसंपत्तीचा भाग होय, असा त्याचा आशय होता. उरलेल्या चौघांनी या विवेचनाशी आपली सहमती गृहीत धरू नये असे नमूद केले होते. तरीही १९८२ च्या संजीव कोक खटल्यात, कोकिंग कोळशाच्या खाणींच्या राष्ट्रीयीकरणाचा विचार करताना, पाच न्यायमूर्तींच्या पीठावरील न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी बहुमताच्या निकालात कृष्ण अय्यर यांचाच विचार आधारभूत मानला. अल्पमताचे हे विवेचन पुढे बंधनकारक कसे झाले, हा घरमालकांचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या चुकीचा म्हणता येणार नाही.

२०२४ च्या निकालात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सात न्यायमूर्तींच्या वतीने बहुमताचा निर्णय लिहिला. खासगी मालकीची साधने तत्त्वतः ‘समाजाच्या साधनसंपत्तीत’ येऊ शकतात, परंतु प्रत्येक खासगी वस्तू तशी ठरत नाही, असे ते म्हणतात. एखादी वस्तू तशी आहे की नाही हे ठरविण्यासाठी तिचे स्वरूप, समाजाच्या कल्याणावर होणारा तिचा परिणाम, तिची दुर्मिळता आणि ती थोड्या खासगी हातांत एकवटल्याचे परिणाम या गोष्टी पाहाव्यात. ‘वाटप’ या शब्दाचा अर्थ मात्र व्यापक आहे आणि त्यात राष्ट्रीयीकरणही बसू शकते, हेही बहुमताने मान्य केले. त्याचबरोबर कृष्ण अय्यर यांचा अन्वयार्थ एका विशिष्ट आर्थिक विचारसरणीतून आलेला होता आणि त्या विचारसरणीलाच घटनात्मक राज्यकारभाराचा एकमेव पाया मानणे ही तात्त्विक चूक होती, अशी टीकाही केली. न्या. नागरत्ना यांनी अंशतः सहमती दर्शविताना वेगळी वाट काढली. वैयक्तिक वापराच्या चीजवस्तू सोडल्यास इतर खासगी साधने राष्ट्रीयीकरण, संपादन, खरेदी, दान अशा मार्गांनी समाजाची होऊ शकतात, असे त्यांनी सांगितले आणि पूर्वसूरींवरील टीकेबद्दल नापसंती व्यक्त केली. न्या. धुलिया यांनी भिन्नमत नोंदविले. उत्पन्नाची व संपत्तीची विषमता अजूनही प्रचंड असताना जुना व्यापक अन्वयार्थ सोडण्याचे कारण नाही, साधनसंपत्ती कोणती हे विधिमंडळाने ठरवावे, असा त्यांच्या मताचा रोख आहे.

या निकालावर बरेच लिहिले गेले आणि त्यात मुख्यतः दोन सूर ऐकू आले. एका बाजूने, खासगी मालमत्ता आता सुरक्षित झाली, समाजवादाचे भूत गाडले गेले, असे स्वागत झाले. दुसऱ्या बाजूने, न्यायालय बाजारपेठेला शरण गेले, असा आक्रोश झाला. मला दोन्ही सूर अपुरे वाटतात. निकालाने राष्ट्रीयीकरणाला मज्जाव केलेला नाही, ३१ग रद्द केलेला नाही आणि खासगी साधने पुनर्वाटपाच्या कक्षेबाहेरही टाकलेली नाहीत. तेव्हा भूत गाडले गेले म्हणणाऱ्यांनी निकाल वाचलेला नाही. परंतु बहुमताच्या मांडणीत एक गंभीर विसंगती आहे आणि ती आपण नीट समजून घेतली पाहिजे.

बहुमताचा मुख्य आधार असा की, घटनाकारांनी देशाला कोणत्याही एका अर्थशास्त्रीय सिद्धांताशी बांधून ठेवलेले नाही. हे म्हणणे खरे आहे. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी घटनेत ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, ते आधीच ठरवून टाकणे म्हणजे लोकशाहीच नष्ट करणे होय, अशी त्यांची भूमिका होती. विशेष म्हणजे हेच आंबेडकर १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करावेत आणि ते घटनेतच लिहावे, असा आग्रह धरीत होते. घटनासमितीत त्यांनी तो आग्रह सोडला. पण समाजवादाची दिशा मार्गदर्शक तत्त्वांत आहेच, हेही त्याच भाषणात निक्षून सांगितले.

आता विसंगती पाहा. आर्थिक धोरण लोकांनी व त्यांच्या प्रतिनिधींनी ठरवायचे, तर एखाद्या विधिमंडळाने पुनर्वाटपाचा कायदा केल्यावर त्याला वाव देणारा अन्वयार्थ लोकशाहीला अधिक पोषक की वाव आक्रसणारा? कृष्ण अय्यर यांनी कोणत्याही सरकारवर राष्ट्रीयीकरणाची सक्ती केलेली नव्हती. निवडून आलेल्या सरकारने जो कायदा केला तो घटनेच्या चौकटीत बसतो, एवढेच त्यांनी म्हटले होते. दुसऱ्या सरकारने बसगाड्या पुन्हा खासगी क्षेत्राला देऊन टाकल्या असत्या, तर त्यांचे मत त्याच्या आड आले नसते. तेव्हा एकाच सिद्धांताला राज्यकारभाराचा पाया बनविल्याचा आरोप त्यांना लागू पडत नाही. उलट, बहुमताने जे निकष दिले आहेत त्यांचा निर्णय शेवटी न्यायमूर्तीच करणार. दुर्मिळ कशाला म्हणावे, केंद्रीकरण किती झाले म्हणजे घातक मानावे, हे पुढील प्रत्येक खटल्यात नव्याने ठरेल. आर्थिक लोकशाहीच्या नावाने सुरू झालेला युक्तिवाद असा अधिकाराचे पारडे विधिमंडळाकडून न्यायालयाकडे झुकवून संपतो.

तथापि, एवढे म्हणून आपल्याला थांबता येणार नाही. व्यापक अन्वयार्थातही एक धोका आहे. ३१ग चे कवच ज्या कायद्याला मिळते, त्याच्याविरुद्ध समानतेच्या हक्कावर दाद मागता येत नाही. हे हत्यार ज्याच्या हाती पडेल तो ते जमीनदारावरच चालवील असे नाही. सार्वजनिक हिताच्या नावाखाली शेतकऱ्याची जमीन घेऊन ती कंपनीला देण्याचा अनुभव १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली या देशाने शतकभर घेतला. धरणग्रस्त आणि प्रकल्पग्रस्त यांच्या लढ्यांत काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. सगळी खासगी मालमत्ता समाजाची, असे सरसकट म्हटले तर चार एकरांचा धनी आणि चारशे इमारतींचा धनी एकाच मापाने मोजले जातात.

म्हणून माझे म्हणणे असे की, या वादात न्यायालयाने आणि बहुतेक भाष्यकारांनी चुकीच्या शब्दावर भर दिला. ‘साधनसंपत्ती’ या नामाचा कीस पाडण्यात सारी शक्ती खर्च झाली. अनुच्छेदाचा प्राण मात्र ‘वाटप व्हावे’ या क्रियापदात आणि ‘सर्वांच्या हितासाठी’ या हेतूत आहे. वाटपाला एक दिशा असते. ज्या कायद्याने मालकी मोजक्या हातांतून अनेक हातांत जाते, वापरणाऱ्याकडे व राबणाऱ्याकडे जाते, तो कायदा ३९ (ख) चा. ज्या कायद्याने अनेकांच्या हातांतून ती काढून थोड्यांकडे दिली जाते, त्या कायद्याच्या प्रस्तावनेत काहीही लिहिलेले असो, त्याला हे कवच मिळता कामा नये. केवळ सरकारच्या नावावर चढणे म्हणजेही वाटप नव्हे. सरकारी मालकीच्या पुढे नियंत्रण कोणाचे, लाभ कोणाला, हे विचारावे लागेल. हा निकष न्यायालयाला तपासता येण्याजोगा आहे आणि विधिमंडळाचा अधिकारही तो हिरावून घेत नाही.

या निकषावर म्हाडाच्या योजनेचा विचार करा. इमारत रहिवाशांच्या सहकारी संस्थेला मिळते, मालकी एकाकडून अनेकांकडे जाते, दिशा योग्य आहे. परंतु शंभर महिन्यांचे गोठलेले भाडे हा मोबदला न्याय्य आहे काय, हा प्रश्न उरतोच. सर्वच घरमालक धनाढ्य नाहीत. भाडी जुन्या पातळीवर कायम गोठवून ठेवणे अवाजवी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच म्हटले होते. नऊ न्यायमूर्तींनी या कायद्याच्या वैधतेचा निर्णय स्वतः दिला नाही. तो नियमित पीठाकडे सोपविला. म्हणजे बत्तीस वर्षांनंतर शब्दाचा अर्थ ठरला, पण चाळीतल्या माणसाला उत्तर मिळाले नाही.

दरम्यान, राज्याने २०२० च्या दुरुस्तीने म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आणले. धोकादायक इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाची संधी, त्याने ती न घेतल्यास भाडेकरूंच्या संस्थेला संधी आणि तीही न साधल्यास म्हाडाने इमारत ताब्यात घ्यावी, असा क्रम त्यात आहे. या कलमाखाली अधिकाऱ्यांनी शेकडो नोटिसा काढल्या. त्यांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये गंभीर आक्षेप नोंदविले, कारण इमारत खरोखर धोकादायक आहे हे कायद्याने सांगितलेल्या रीतीने ठरविण्याआधीच नोटिसा निघाल्याचा प्रश्न पुढे आला. सर्वोच्च न्यायालयानेही १६ मे २०२४ रोजी कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणात सांगितले आहे की, अनुच्छेद ३००क खालील मालमत्तेचा अधिकार म्हणजे केवळ मोबदला नव्हे. नोटीस मिळणे, म्हणणे ऐकून घेतले जाणे, कारणांसह निर्णय होणे, हेतू खरोखर सार्वजनिक असणे या गोष्टीही त्यात येतात. १९७८ मध्ये जनता राजवटीत चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला, तेव्हा त्याचा अर्थ मनमानीला परवाना असा नव्हता. जो पुनर्वाटप करू इच्छितो त्याने कार्यपद्धतीच्या बाबतीत अधिक काटेकोर असले पाहिजे, कारण एका सदोष नोटिशीमुळे चांगला कायदाही बदनाम होतो.

मित्रहो, कायदा आपल्या हातून कसा निसटतो याचेही एक उदाहरण मुंबईतच आहे. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली एक पोटकलम वगळता वैध ठरविला होता. त्याच्याच आधारे मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिंडोशीला नागरी निवारा परिषदेच्या वतीने सामान्यांची घरे उभी केली. पण सवलतींच्या पळवाटांनी तो कायदा पोखरला गेला, संसदेने १९९९ मध्ये तो रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये ते निरसन स्वीकारले. तो मरण पावला तो न्यायालयात नव्हे, विधिमंडळात! न्यायालयाने दिलेला वाव वापरणारे राजकारण नसेल, तर उदार अन्वयार्थही ग्रंथालयातच राहतो.

त्याचप्रमाणे, निकालापुढे नागरिक हतबल असतो हेही खरे नाही. १९७८ मध्ये मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्यानंतर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या विधीच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांनी निकालातील तर्काची एकेक कडी तपासली, तिच्यामागचे पूर्वग्रह दाखविले आणि फेरविचाराची मागणी केली. न्यायालयाने फेरविचार केला नाही. परंतु त्या पत्रातून स्त्रियांच्या संघटना उठल्या, देशभर चर्चा झाली आणि १९८३ मध्ये संसदेला कायदा बदलावा लागला. अभ्यासपूर्ण टीका आणि लोकचळवळ यांची सांगड पडली की काय घडते, याचा हा आदर्श आहे. तिच्यात न्यायमूर्तींचा अधिक्षेप नव्हता आणि भाटगिरीही नव्हती.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उद्देशिकेतील ‘समाजवादी’ व ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द काढून टाकण्याची मागणी फेटाळली. आपल्याकडे त्याचे समाधान व्यक्त झाले आणि ते योग्यच आहे. परंतु उद्देशिकेत शब्द राहिला एवढ्यावर संतोष मानण्यासारखी परिस्थिती नाही. त्या शब्दाला अर्थ द्यायचा तर ३९ (ख) आणि (ग) यांचा आधार घेऊन नेमके कायदे मागावे लागतील. घर, जमीन, पाणी यांपैकी कोणते साधन किती हातांत एकवटले आहे, त्याने समाजाचे कोणते नुकसान होते, याची आकडेवारी त्या त्या भागात जमवावी लागेल. न्यायालयाने घातलेले निकष आज आपल्याला गैरसोयीचे वाटत असले, तरी त्या निकषांवर उतरणारा पुरावा उभा करणे आपल्या हाती आहे. दुर्मिळता आणि केंद्रीकरण सिद्ध करा, असे न्यायालय म्हणत असेल, तर मुंबईतील निवाऱ्याइतके दुसरे ठळक उदाहरण कोठे सापडेल?

आपल्यापैकी प्रत्येकाने हा निकाल, निदान त्यातील तीन मतांचे सार, वाचावे आणि आपल्या वस्तीत, संघटनेत, युनियनमध्ये त्यावर चर्चा घडवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.